प्यायचं पाणी वेगळं, निस्ताराचं वेगळं : भंडाऱ्यातल्या एका घराचा पाण्याचा हिशोब

या भागाचा विषय आहे घरातलं पाणी. आकडे ऐकताना निसटतात, म्हणून यावेळी बोललेलं जसंच्या तसं न उतरवता थोडं नीट लावून लिहितोय. कागद-पेन घेऊन बसलात तर उत्तम, कारण मधे मधे तुम्हालाही गुणाकार करायचाय.

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, बीटेक केलेला, आणि सध्या भंडाऱ्यातल्या घरून काम करतो. पाण्यातला तज्ज्ञ वगैरे नाही. माझ्याकडे आहे ती फक्त एक व्यावसायिक सवय. प्रोग्राम हळू चालत असेल तर आम्ही लगेच कोड बदलायला घेत नाही. आधी मोजतो की वेळ नेमका कुठे जातोय. जिथे शंभरातले दोन सेकंद जातात तिथे घाम गाळून उपयोग नसतो. हीच सवय घरातल्या पाण्याला लावली तर काय दिसतं, ते आज सांगतो.

पाण्याच्या जिल्ह्यात पाणी कशाला वाचवायचं?

हा प्रश्न माझा नाही, बाबांचा आहे. "अरे, आपल्याकडे पाण्याची काय कमी? मराठवाड्यातले लोक बोलले तर समजू शकतो." आणि वरवर पाहिलं तर त्यांचं बरोबर आहे. भंडाऱ्याला लोक तलावांचा जिल्हा म्हणतात. वर्षाचा सरासरी पाऊस १३०० मिलिमीटरच्या आसपास. वैनगंगा शहराला लागून वाहते. पवनी तालुक्यात गोसीखुर्दसारखं प्रचंड धरण आहे. २०२० च्या ऑगस्टअखेरीस तर नदी घरात शिरली होती, ते इथे कुणालाच सांगायला नको.

मग अडचण कुठे आहे? दोन ठिकाणी.

पहिली अडचण जमिनीखाली आहे. आपल्याकडचा बराचसा खडक जुना आणि कठीण. त्याच्या वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये पाणी साठतं, खाली फारशी जागा नसते. गुंड लहान आणि नळाची धार मोठी असेल तर काय होतं, तसंच. पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये धो धो पडतो, विहीर काठापर्यंत येते, उरलेलं वाहून जातं. आणि मे महिन्यात तीच विहीर तळ दाखवते. पाऊस किती पडला यापेक्षा किती थांबला याला इथे जास्त महत्त्व आहे.

दुसरी अडचण पाण्याच्या दर्जाची. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला मिळतं आणि कन्हान वैनगंगेला. पुढे गोसीखुर्दमुळे नदीचं पाणी मागे फुगून उभं राहतं. वाहत्या नदीला स्वतःला धुऊन काढायची थोडी तरी संधी असते, थांबलेल्या पाण्याला ती कमी. म्हणून नदीत पाणी भरपूर दिसत असतानाही शहरातली कितीतरी घरं प्यायला वीस लिटरचे जार विकत आणतात किंवा भिंतीवर फिल्टर लावतात.

म्हणजे आपल्याकडे पाणी कमी नाही, चांगलं पाणी कमी आहे. माझं आजचं सगळं बोलणं या एका फरकावर उभं आहे.

निस्तार : आपल्याच भाषेतला विसरलेला शब्द

आजीचं माहेर लाखनी तालुक्यातलं. तिला विचारलं, तुमच्याकडे पाणी कसं होतं? तिने एका वाक्यात सगळी व्यवस्था सांगितली: "प्यायले विहीर अन् निस्ताराले तलाव."

निस्तार हा पूर्व विदर्भातला रोजचा शब्द आहे. अंघोळ, कपडे, भांडी, गुरं धुणं, अंगण सारवणं अशी रोजची गरज भागवणं म्हणजे निस्तार. हा शब्द सरकारी कागदातही आहे. गावाला तलावावर, जंगलावर जे रोजच्या वापराचे हक्क असतात, त्यांची नोंद ज्या कागदात होते त्याला निस्तार पत्रक म्हणतात.

या मागे असलेली तलावांची व्यवस्था थोडक्यात सांगतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा काही भाग मिळून सहा-सात हजार जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने त्यातले बरेच बांधले. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचं सांगतात. तो आज गोंदिया जिल्ह्यात आहे, पण १९९९ पर्यंत गोंदिया आपल्याच जिल्ह्यात होतं. मातीची पाळ, पाणी सोडायला तुडूम, जास्तीचं पाणी काढायला सांडवा, आणि एका तलावाचा सांडवा पुष्कळदा खालच्या तलावाला किंवा बोडीला भरणारा. वरच्याचं जास्तीचं ते खालच्याचं हक्काचं.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. म्हणून त्यांचं नाव पडलं माजी मालगुजारी तलाव, बोलताना 'मामा तलाव'. मालक बदलला, पण देखभालीची सवय तशीच पुढे आली नाही. गाळ भरला, काठावर बेशरमाची झुडपं माजली. काही ठिकाणी लोकांनी ते परत उभे केलेत. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने गावकऱ्यांसोबत बेशरम काढून, स्थानिक पाणवनस्पती लावून केलेलं काम वाचण्यासारखं आहे. पण बहुतेक घरांपुरतं काय झालं? निस्ताराचं पाणी दूर गेलं आणि सगळा भार एका नळावर आला.

आज आपण ज्या पाण्यात तुरटी पडली, जे गाळलं, ज्यात क्लोरीन घातलं, जे पंपाने उंच टाकीत चढवलं, त्याच पाण्याने संडास धुतो. आजीला हे सांगितलं तर ती हसते.

आधी मोजा

आता माझ्या आवडीचा भाग. यासाठी महागडं मीटर लागत नाही. लागतं काय? एक बादली, मोबाइलचं स्टॉपवॉच आणि एक टेप.

नळ: तुमच्या बादलीत किती लिटर मावतं ते एकदा पाण्याच्या बाटलीने मोजून घ्या. मग नळ नेहमीसारखा सोडा आणि वेळ लावा. १५ लिटरची बादली दीड मिनिटात भरली तर नळ मिनिटाला १० लिटर देतो. नळ चालू ठेवून तीन मिनिटं दात घासले तर ३० लिटर. एवढ्यात एक अंघोळ होते.

गळका नळ: खाली भांडं ठेवा आणि तासाभराने मोजा. तासाला अर्धा लिटर जमत असेल तर दिवसाला १२ लिटर आणि वर्षाला ४,३८० लिटर.

छतावरची टाकी: गोल टाकीचा आतला व्यास सेंटिमीटरमध्ये मोजा आणि त्याचा अर्धा करा. त्या आकड्याला त्यानेच गुणा, मग ३.१४ ने गुणा आणि १००० ने भागा. पातळी एक सेंटिमीटर उतरली तर किती लिटर गेले, ते कळलं. व्यास ११० सेंटिमीटर असेल तर उत्तर साडेनऊ लिटर येतं. आता रात्री सगळे झोपल्यावर काठीने पातळी मोजा आणि पहाटे कुणी नळ उघडायच्या आत परत मोजा. कुणी वापरलं नाही आणि पातळी उतरली, तर घरात कुठेतरी गळती आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर रिकामा असताना लोड दिसतोय, म्हणजे काहीतरी मागे चालू आहे.

फ्लश: ही गळती कानाला ऐकू येत नाही, डोळ्यांना दिसत नाही. टाकीत कपड्यांच्या निळीचे चार थेंब टाका आणि वीस मिनिटं फ्लश वापरू नका. भांड्यात निळं पाणी उतरलं तर आतला रबरी वॉशर गेलाय. वॉशर स्वस्त असतो, बदलून टाका.

आमच्या घरचा आकडा

आम्ही घरात पाच जण. आठवडाभर मोजून दिवसाची सरासरी काढली. हे आकडे आमच्या घरचे आहेत, तुमचे वेगळे येतील. यायलाच हवेत.

- पिणं आणि स्वयंपाक: ३० लिटर
- फिल्टरमधून बाहेर जाणारं: ४५ लिटर
- भांडी: ७० लिटर
- अंघोळ: १२५ लिटर
- संडास: १५० लिटर
- कपडे: १२० लिटर
- फरशी, अंगण, झाडं: ८० लिटर
- छतावरची टाकी भरून वाहिलेलं: १५० लिटर

बेरीज ७७० लिटर, माणशी १५४. तुलनेसाठी सांगतो, शहरी घरांसाठी आपल्याकडे माणशी १३५ लिटरचं मानक वापरतात. २०१९ ला सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण घरांसाठी किमान ५५ लिटर धरलेत.

आता या यादीत दोन गोष्टी बघा. पहिली, जे पाणी खरंच पोटात जातं ते फक्त ३० लिटर. शंभरातले चार! बाकीचे शहाण्णव निस्तार, नाहीतर नुसती नासाडी. दुसरी, सगळ्यात मोठ्या दोन आकड्यांपैकी एक तर कुणी वापरलाच नाही. मोटर चालू करून माणूस चहा प्यायला बसतो आणि टाकी वाहते. आम्ही ओव्हरफ्लोच्या पाइपाखाली बादली धरली, १५ लिटर ३६ सेकंदात भरले. म्हणजे मिनिटाला २५ लिटर. दिवसाला सहा मिनिटं म्हटलं की झाले १५० लिटर. पाच जणांच्या सगळ्या अंघोळींपेक्षा जास्त.

आणि घरात पाणी वाचवण्यावरून वाद होतो तो कशावर? "अंघोळीला एकच बादली घे." बॉटलनेक एकीकडे आणि भांडण दुसरीकडे.

कुणाच्या हातावर वाचतं?

उपायांकडे जाण्याआधी एक गोष्ट बोलायची आहे, कारण पाणी बचतीच्या पोस्टरवर ती नसते. कपड्यांचं पाणी बादलीत धरा, ते संडासात टाका, भाजी धुतलेलं पाणी झाडांना घाला. सगळं बरोबर. पण बादली कोण उचलतं? आमच्याकडे आई. तिचे गुडघे दुखतात. घराने पाणी वाचवायचं ठरवलं आणि एका माणसाच्या दिवसात चाळीस मिनिटांचं काम वाढलं, तर ती बचत नव्हे. पाण्याचा खर्च आपण आईच्या अंगावर टाकला, एवढंच. आणि असे उपाय महिनाभरात बंद पडतात.

म्हणून मी क्रम उलटा लावतो. आधी एकदाच करून विसरून जायच्या गोष्टी, मग पाइपातले बदल आणि सवयी सगळ्यात शेवटी.

एकदाच करा आणि विसरा

मोटरने टाकी भरत असाल तर फ्लोट स्विच किंवा लेव्हल कंट्रोलर बसवा. टाकी भरली की मोटर आपोआप बंद. विजेचं काम आहे, इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. टाकी थेट नळाच्या दाबाने भरत असेल तर बॉल कॉक पुरतो. आमचे १५० लिटर इथेच शून्यावर आले, आणि कुणाला एकही सवय बदलावी लागली नाही.

फ्लशची टाकी जुनी, दहा लिटरची असेल तर एक लिटरची बाटली पाण्याने भरून, झाकण घट्ट लावून तिच्यात उभी ठेवा. दर फ्लशला एक लिटर कमी जाईल. दिवसाला पंधरा फ्लश धरले तर पंधरा लिटर. बाटली आतल्या यंत्राला अडकणार नाही एवढं बघा. वीट ठेवू नका, ती झिजते आणि तिची माती वॉशरमध्ये बसते. नवीन टाकी घेत असाल तर दोन बटणांचीच घ्या.

भांड्यांच्या नळाला जाळीचं तोंड लावा, म्हणजे पाण्यात हवा मिसळून धार भरीव वाटते आणि पाणी कमी जातं. त्यासोबत साबण लावताना नळ बंद आणि खरकटं एका घमेल्यात भिजवणं, एवढ्यावर आमचे ७० चे ५० झाले.

आरओचं काय करायचं?

हा प्रश्न भंडाऱ्यात हमखास येतो. आरओ म्हणजे पाणी दाबाने एका अतिबारीक पडद्यातून ढकलायचं. पलीकडे जातं ते पिण्याचं, अलीकडे उरतं ते क्षार घेऊन नळीतून मोरीत. घरगुती यंत्रात एक लिटर चांगल्या पाण्यामागे तीन लिटरपर्यंत बाहेर जाऊ शकतं. आमचं तसंच निघालं: १५ लिटर प्यायला, ४५ बाहेर. वर्षाचे १६,४२५ लिटर.

पहिला प्रश्न हा विचारा की आरओ लागतो का? पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण म्हणजे टीडीएस. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही म्हटलं होतं की टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओला मनाई असावी. पण सावध राहा. टीडीएस मोजायची छोटी पेनासारखी पट्टी जंतू दाखवत नाही, आणि फ्लोराइड-नायट्रेटही वेगळं करून सांगत नाही. म्हणून दुकानदाराच्या पट्टीवर निर्णय घेऊ नका. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्या. फक्त जंतूंचा प्रश्न असेल तर उकळणं किंवा अतिनील किरणांचा फिल्टर पुरतो, आणि त्यात पाणी वाया जात नाही.

आरओ लागतच असेल तर बाहेर जाणाऱ्या नळीला लांब पाइप जोडा आणि तो कॅनमध्ये सोडा. ते पाणी विषारी नसतं. साधा हिशोब: आत येणाऱ्या पाण्याचा टीडीएस ६०० असेल आणि तीन चतुर्थांश पाणी बाहेर जात असेल, तर बहुतेक सगळे क्षार त्यात जमून ते ८०० च्या आसपास जातं. फरशी पुसायला आणि संडासाला एकदम चालतं. कुंडीतल्या झाडांना मात्र रोज घालू नका, मातीत क्षार साठतात.

घरात दुसरी लाइन

आता निस्ताराकडे परत येऊ. भंडाऱ्यातल्या जुन्या घरांत मागे विहीर असतेच. बऱ्याच ठिकाणी तिच्यावर जाळी टाकून ती विसरली गेली. प्यायला ती नको हे बरोबर आहे. आता वस्ती दाट झाली, सेप्टिक टँक जवळ आले. पण संडास, कपडे आणि फरशीला ती का नको?

आम्ही छतावर पाचशे लिटरची दुसरी टाकी ठेवली. तिच्यात विहिरीचं पाणी, आणि तिच्यातून निघालेला वेगळ्या रंगाचा पाइप भिंतीच्या बाहेरून थेट संडास, कपड्यांचं मशीन आणि अंगणातल्या नळाला. घर बांधत असाल तर ही दुसरी लाइन आत्ताच टाकून घ्या. भिंत उघडी असताना खर्च जाणवत नाही, नंतर फोडताना जाणवतो.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. दोन्ही लाइन कुठेही एकमेकांना जोडू नका, "कधी लागलं तर" म्हणून मधे व्हॉल्व्ह टाकूनसुद्धा नाही. एक दिवस तो उघडा राहतो आणि विहिरीचं पाणी प्यायच्या नळाला येतं. नळावर ठळक लिहून ठेवा: निस्तार. पाहुण्यांची लहान मुलं कुठलाही नळ उघडतात.

मग हिशोब काय झाला? टाकीचं वाहणं बंद, भांडी ५०, फरशीला आणि अंगणाला ६०. आरओचं आणि कपडे खळबळलेलं पाणी संडासाकडे वळवलं तर तिथे ताजं पाणी फक्त ५० लिटर लागतं. अंघोळ जशीच्या तशी १२५, कपडे १२०. एकूण बेरीज ७७० ची ४८० झाली. रोज २९० लिटर, वर्षाला एक लाखाच्या वर. त्या ४८० मधलं संडास, कपडे आणि फरशीचं पाणी विहिरीवर टाकलं की शुद्ध केलेलं नळाचं पाणी लागतं दिवसाला २५० लिटर. माणशी ५०!

विहीर भरलेली असते तेव्हा आई बादली उचलत नाही, संडासाला सरळ विहिरीची लाइन चालते. उपसा थोडा वाढतो, पण तेव्हा विहिरीत पाणी असतं. एप्रिल-मेमध्ये पातळी उतरली की कपड्यांचं पाणी धरणं सुरू होतं, आणि ते काम बहिणीचं आणि माझं.

छतावरचा पाऊस विहिरीत

उपसायचं तर भरायलाही हवं. याचं गणित मराठी शाळेतल्या चौथीच्या मुलालाही येईल. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. शंभर चौरस मीटरचं छत, १३०० मिलिमीटर पाऊस, म्हणजे १,३०,००० लिटर. उडून, शिंपडून, पहिलं घाण पाणी सोडून शंभरातले ऐंशी धरले तरी १,०४,०००. योगायोग बघा, आपण वर्षाला वाचवलं जवळपास तेवढंच.

स्लॅब असो की कवेलू, पन्हाळीतून पाणी एका पाइपात आणा. छत मेअखेरीस झाडून घ्या. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडता येईल असं तोंड ठेवा, कारण त्यात धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. मग गिट्टी, बारीक खडी आणि वाळू अशा थरांच्या टाक्यातून ते विहिरीत सोडा. अंगणातलं, गटारातलं पाणी विहिरीत कधीच नाही. विहीर नसेल तर शोषखड्डा करा, पण सेप्टिक टँकपासून शक्य तितका दूर.

हे सगळं पाणी मे महिन्यापर्यंत तुमच्याच विहिरीत थांबेल का? नाही. खडकाच्या उतारावर ते शेजाऱ्याकडेही जाईल. सांडवा खालच्या बोडीला भरतो, तसंच. गल्लीतल्या दहा घरांनी केलं तर सगळ्यांच्या विहिरी थोड्या उशिरा आटतील.

आणि सवयी

इतकं झाल्यावर सवयींचं ओझं फारसं उरत नाही. दात घासताना आणि दाढी करताना नळ बंद. मशीन अर्धं भरलेलं चालवायचं नाही. रात्रीचं "शिळं" पाणी सकाळी ओतून टाकायचं नाही. झाकलेल्या गुंडातलं पाणी एका रात्रीत शिळं होत नाही, आणि पितळेच्या भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात हे मी सांगावं, हीच गंमत. साठवलेलं वापरलेलं पाणी मात्र दिवसाच्या वर ठेवू नका, वास येतो आणि डास होतात.

याने नदी वाचेल?

नाही. हे स्पष्ट बोललेलं बरं. जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाणी धानाला लागतं, घरांना नाही. उन्हाळी धानासाठी होणारा उपसा आणि नदीत येणारं सांडपाणी, हे प्रश्न माझ्या फ्लशमधल्या बाटलीने सुटत नाहीत. ते शेती, नगरपरिषद आणि सरकारच्या पातळीवरच सुटतील. बाटली ठेवली म्हणून ते विचारणं सोडायचं नाही.

मग घरातल्या बचतीने काय वाचतं? मेहनतीने चांगलं केलेलं पाणी वाचतं. नळ आठवड्यातून दोन दिवस आला नाही, तरी ७७० लिटर लागणारं घर हवालदिल होतं आणि २५० लिटर लागणारं घर टाकीवर तीन-चार दिवस काढतं. गल्लीच्या शेवटच्या घरात, जिथे दाब पोचत नाही, तिथे बादली थोडी लवकर भरते. बाबांना हे पटलं का? ते अजून म्हणतात की भंडाऱ्यात पाण्याची कमी नाही. पण मोटरचा फ्लोट स्विच चालतोय की नाही, हे दर रविवारी छतावर जाऊन तेच बघतात.

तर या आठवड्याचं काम: फक्त मोजा, काहीही बदलू नका. सात दिवस, एक वही. आठव्या दिवशी सगळ्यात मोठा आकडा कुठला आहे ते बघा, आणि हात तिथेच घाला. मोजताना घरच्या म्हाताऱ्या माणसाला एक प्रश्न नक्की विचारा: तुमच्या गावात प्यायचं पाणी कुठून यायचं आणि निस्ताराचं कुठून?